काट्यांमध्ये रोवलेली काठी

जरा थांबा. पाऊल टाकायच्या आधी खाली बघा. मी काठी बोलतेय, आणि संशय घेणं हे माझं कामच आहे. डोंगरात वरून हिरवीगार दिसणारी जमीन आतून पोकळ असते. घट्ट रुतलेला वाटणारा दगड पायाखालून सटकतो. म्हणून माणसाच्या आधी मी पुढे व्हायचं, टोचून बघायचं, आणि मग त्यानं पाय टाकायचा. असल्या कामात कुणाचा स्वभाव भाबडा राहील?

ऑस्ट्रियातल्या टायरॉलच्या डोंगरात, ओढ्याकाठच्या हेझलच्या झुडपात मी वाढले. कोर्बिनियान नावाच्या सुतारानं एका हिवाळ्यात मला कापलं, शेगडीवर शेकून सरळ केलं, खाली लोखंडी टोक बसवलं आणि बायकोच्या हाती दिलं. "माझं ऐकत नाहीस, निदान हिचं तरी ऐक," म्हणाला. त्याची बायको नोटबुर्गा. सगळे तिला बुर्गल म्हणतात. कोर्बिनियान गेल्यावर ती खरोखरच माझं ऐकायला लागली.

दर उन्हाळ्यात आम्ही दोघी वरच्या कुरणात जायचो. जेन्शियनची निळी फुलं, अर्निकाची पिवळी, आणि एका खडकाळ उतारावर अपोलो फुलपाखरं. पांढरे पंख, त्यावर लाल टिकल्या. शेजारच्या डोंगरांवरून ती केव्हाच नाहीशी झाली होती, आमच्या या उतारावर तेवढी उरली होती. बुर्गल डोंगरराखणीचा बिल्ला लावून त्यांच्यावर डोळ्यांत तेल घालून पहारा करायची. कुणी फूल तोडलं की ती मला उगारायची. मारलं कधीच कुणाला नाही, पण लोक घाबरायचे आणि मला ते आवडायचं.

एका जुलैत आम्ही उतारावर पोचलो तर एकही अपोलो नव्हतं. बुर्गल मटकन दगडावर बसली. "कोर्बिनियान असता तर त्याला काय तोंड दाखवलं असतं मी?" असं ती पुटपुटली.

तेवढ्यात खालच्या वाटेनं एक माणूस येताना दिसला. त्याच्या खांद्यावर फुलपाखरं धरायची जाळी होती. ओटोकार त्याचं नाव, लिंझ शहरात राहणारा. आदल्या उन्हाळ्यातही तो आला होता. बुर्गल ताडकन उठली आणि माझ्याही मनात पाल चुकचुकली.

"काय बुर्गल! गुडघा कसा आहे तुझा?" त्यानं हसत विचारलं.

"तुम्हाला काय करायचंय माझ्या गुडघ्याशी?"

तो गोंधळला. आमच्याकडे झाडं संपून कुरणं लागली की अनोळखी माणसंही एकमेकांना 'तू' म्हणतात. तिथे 'तुम्ही' म्हणणं म्हणजे तोंडावर दार आपटणंच. बिचारा मुकाट्यानं पुढे निघाला. आम्ही मागे. त्याची पिशवी इतकी फुगलेली का? तो सारखा वळून का बघतो? आम्हीच त्याच्या मागे लागलोय म्हणून बघत असेल, हे तेव्हा मला सुचलंच नाही.

कुरणातल्या झोपडीपाशी कासियान ताक घुसळत बसला होता. उन्हाळाभर गावाच्या गाई तोच वर सांभाळतो.

"कासियान, याची पिशवी उघड."

"का गं, चोर पकडलास की काय?"

"माझी सगळी अपोलो नेलीत यानं. आजच्या आज पोलिसांत देणार आहे मी याला."

ओटोकारचा चेहरा पडला. पण त्यानं स्वतःच पिशवी ओतली. काळा पाव, उकडलेली अंडी, पावसाचा कोट आणि एक रिकामी बरणी निघाली.

"ही कशाला?" बुर्गलनं माझ्या टोकानं बरणी ढोसली.

"पकडतो, न्याहाळतो, सोडून देतो."

"सोडून देतो म्हणे! मी काय कालची पोर आहे?"

ओटोकार चिडला होता, तरी त्यानं आवाज चढवला नाही. "मलाही तेच विचारायचं होतं, फुलपाखरं गेली कुठे? गेल्या वर्षी त्या उतारावर जांभळ्या फुलांची काटेरी झुडपं होती. त्या फुलांवर बसून अपोलो मध प्यायची. झुडपं कुठायत?"

कासियाननं छाती फुगवली. "साफ केली! गाई वर यायच्या आधी सगळा गाव कुरण साफ करायला येतो. यंदा तो उतारही चकाचक केला. बुर्गलनं तर सगळ्यांच्या पुढे होऊन..."

त्याचं वाक्य तिथेच अडकलं. बुर्गलनं स्वतःच्या हातांकडे पाहिलं. सफाईच्या दिवशी मला झोपडीच्या दाराशी टेकवून ती विळा घेऊन गेली होती. संध्याकाळी परतली तेव्हा खुशीत गुणगुणत होती. मी जन्मभर पुढची जमीन टोचत आले. मला धरणाऱ्या हाताचा संशय मी कधी घेतला नाही.

मग बुर्गलनं खालच्या आवाजात विचारलं, "मुळं राहिली असतील का?"

"असतील," ओटोकार म्हणाला. "कुणी हात लावला नाही तर फुटतील."

तिघं उतारावर गेली. एका कड्याच्या आडोशाला, जिथे विळा पोचला नव्हता, तिथे काट्यांचं एक बेट उरलं होतं. त्यावर एकच अपोलो पंख उघडून बसलेलं होतं. बुर्गल रडली. तिला रडताना मी कोर्बिनियानच्या दफनानंतर पहिल्यांदा पाहिलं.

मग तिनं मला उचललं आणि सगळा जोर लावून काट्यांच्या पुढ्यात रोवलं.

"कासियान, पुढच्या सफाईला हिच्या पलीकडे कुणी विळा नेला तर माझ्याशी गाठ आहे."

"आणि गाईंच्या तोंडाला टोचलं तर?"

"त्यांना सांग, जरा तिकडे सरकून चरा म्हणावं."

उतरायची वेळ झाली. सवयीनं तिचा हात माझ्याकडे आला आणि अर्ध्यावरच थांबला. ओटोकार बाजूला उभा होता. बुर्गलनं त्याच्याकडे न बघताच म्हटलं, "हात दे तुझा. आणि पुढे तू हो. आधी दगड तपासायचा, मग पाय टाकायचा, कळलं?"

तेव्हापासून मी इथेच आहे. उन्हानं माझा रंग उडालाय, टोकाला गंज चढलाय, पण आजूबाजूला नवे कोंब फुटलेत. तुम्ही वर आलात तर कृपा करून मला उपटू नका. त्या लिंझच्या माणसावर माझा अजून पुरता भरवसा बसलेला नाही. खाली जाताना कुठे बुर्गल दिसली, तर एवढंच बघून या, तिच्या पुढचा दगड कुणी तपासतंय ना.