ताईच्या बटाट्यांतलं विष

"निळं पडलं! बघा, बघा, निळं पडलं!"

सगळा बाजार एका काचेच्या ग्लासाभोवती गोळा झाला होता. टोपल्या राखायला कुणी उरलं नव्हतं. एक शेळी निवांतपणे कोबी खात होती आणि कोबीवाली टाचा उंचावून ग्लासाकडे बघत होती. मधोमध उभे होते निळेबाबा. अंगात खळ घालून कडक इस्त्री केलेला पांढराशुभ्र सदरा, आवाजात मध, आणि समोर टेबलावर फिक्या चहाच्या रंगाचं पाणी.

"ही धरती बोलते, पण आपले कान बंद आहेत!" बाबा गरजले. "हे सात झऱ्यांचं पाणी म्हणजे धरतीची जीभ. विष दिसलं की ते निळं पडतं!"

आधी त्यांनी काकडीची चकती पाण्यात टाकली. काही झालं नाही. मग टोमॅटोची. तिलाही काही झालं नाही. मग बटाट्याची टाकली आणि ती बघता बघता निळीकाळी पडली. लोकांनी तोंडावर हात घेतले. बाबांनी पाण्यात चिमूटभर शुद्धिचूर्ण टाकून ढवळलं, तसा रंग हळूहळू नाहीसा झाला. मग काय, चूर्णाच्या पुड्या हातोहात खपल्या.

तो बटाटा माझ्या ताईच्या टोपलीतला होता. तिच्या स्वतःच्या शेतातला.

बाबांनी आवाज खाली आणला. "माई, घरातलं कुणी गेलंय का अलीकडे?"

कुणाच्या घरातलं गेलेलं नसतं? पण ताईचा चेहरा उतरला. "आमचे हे गेले. मागच्या वर्षी."

"छातीचं दुखणं, नाही तर पोटाचं." दोन्ही सांगून ठेवली की एक बरोबर येतंच.

"पोटाचं," ताई पुटपुटली.

बाबांनी डोळे मिटले. "तुझ्याच हातचं खाऊन गेला गं तो, माई."

"अहो, तोंडाला येईल ते काय बोलताय!" मी ओरडले. पण गर्दीने माझ्याकडेच असं पाहिलं, की जणू मीच भाऊजींना मारलं होतं. त्यात काहीतरी चलाखी आहे याची मला खात्री होती, पण कोणती ते सांगता येईना. मी शाळेत भाषा शिकवते. व्याकरणातली चूक मला लांबून दिसते, पाण्यातली दिसत नाही.

त्या दिवसापासून ताईने चुलीकडे पाठ फिरवली. स्वयंपाक सून करायची. नात मांडीवर येऊन बसली, "आजी, भरव ना," म्हणाली, तर ताईने हात पदराखाली लपवले. ते मी डोळ्यांनी पाहिलं.

"ताई, तो भामटा आहे गं," मी म्हणाले.

"असेल. पण पाणी निळं पडलं ना? तू पण बघितलंस."

"डॉक्टर काय म्हणाले होते, आठव."

"काय म्हणाले? कारण सांगता येत नाही म्हणाले. एवढी मोठी इस्पितळं, एवढ्या तपासण्या, आणि कारण सांगता येत नाही! या बाबांनी एका चकतीत सांगितलं." तिचा आवाज फुटला. "मी त्यांना रोज हाताने वाढत होते गं. 'अजून थोडं घ्या, अजून थोडं घ्या' म्हणून वाढत होते."

पुढच्या आठवड्यात उभं पीक नांगरून टाकायचं तिने ठरवलं होतं. ट्रॅक्टरवाल्याला सांगूनही झालं होतं.

मग मी पिशवी घेतली आणि बाबांच्या मागे लागले. आमच्या भागात रोज कुठल्या ना कुठल्या गावाचा बाजार असतो. नदीकाठच्या बाजारात केळी आणि मासे, टेकडीखालच्या बाजारात मका आणि रताळी, रेल्वेफाटकाजवळच्या बाजारात सगळ्याची खिचडी. एरवी मी या बाजारांत रमले असते. घासाघीस करणाऱ्या बायका, वजनकाट्याला बोट लावणारे काका, 'चव घेऊन बघा' म्हणत हातावर पेरूची फोड ठेवणाऱ्या आजी. पण आता सगळीकडे एकच चर्चा होती, की आज कुणाची पाळी? मकेवाल्याशी शेजारचा भाजीवाला बोलेना. रताळीवाली एका कोपऱ्यात रडत बसली होती. माणसं एकमेकांच्या टोपलीकडे संशयाने बघत होती, आणि मला त्याची फार भीती वाटली.

निळं काय पडतं, हे मी बघत गेले. बटाटा, रताळं, मका आणि कच्चं केळं निळं पडायचं. काकडी, टोमॅटो, मुळा कधीच नाही. विष असलं तर ते भाजी बघून शिरतं की काय? टोमॅटोवर फवारणी कमी होते का? उलट जास्तच होते!

शाळेत विज्ञानाच्या सरांना हे सांगितलं, तर ते पोट धरून हसले. "अहो बाई, हा तर आपल्या पुस्तकातला प्रयोग! पिष्ट पदार्थावर आयोडीन टाकलं की ते निळंकाळं पडतं. जखमेवर लावतात तेच आयोडीन. आणि क जीवनसत्त्वाची पूड टाकली की रंग जातो."

म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा! बाजारातल्या निम्म्या लोकांनी हा धडा आमच्याच शाळेत घोकला होता, त्यावर गुण मिळवले होते आणि परीक्षेचा पेपर देताना तोही देऊन टाकला होता.

पुढच्या बाजाराला मी सरांना सोबत घेतलं आणि ताईला जवळजवळ ओढतच नेलं. बाबा रंगात आले होते. मी हात जोडून पुढे झाले.

"बाबा, हे पाणी माणसाच्या अंगातलं विष ओळखतं का हो?"

बाबा फुशारले. "ओळखतं म्हणजे? पाप्याच्या अंगाला नुसतं लागलं तरी निळं पडेल!"

"मग बघूया," मी म्हणाले आणि ग्लास उचलून थेट त्यांच्या बाहीवर ओतला.

खळीतही पिष्टच असतं. पांढरीशुभ्र बाही मनगटापासून कोपरापर्यंत निळीजांभळी झाली.

लोक माना उंचावून बाहीकडे बघू लागले. मग कुणीतरी ओरडलं, "अरे, बाबांनाच विषबाधा!" आणि हशा पिकला. बाबांच्या तोंडचं पाणी पळालं. सरांनी पिशवीतून आयोडीनची बाटली काढली, साध्या पाण्यात थेंब टाकले, बटाटा निळा केला, भाकरीचा तुकडा निळा केला, खिशातली क जीवनसत्त्वाची गोळी कुस्करून रंग घालवून दाखवला. हे चालू असताना बाबा कधी सटकले ते कळलंच नाही.

"पण बाई," मकेवाला म्हणाला, "फवारणीचं विष तर खरंच असतं ना?"

"असू शकतं," मी म्हणाले. "म्हणून तर याचं फावलं. तुमची भीती खरी होती, त्याचं उत्तर खोटं होतं. औषध किती उरलंय ते प्रयोगशाळेत कळतं, ग्लासात नाही. तिथे नमुना पाठवू."

मला वाटलं होतं, ताई हसेल, निदान मोकळी होईल. ती टोपलीशेजारी मटकन बसली.

"मग ते कशाने गेले?" तिने विचारलं.

मी तिच्याजवळ जमिनीवर बसले.

"आजाराने गेले, ताई. तो का झाला ते डॉक्टरांना कळलं नाही. मलाही माहीत नाही. पण तू वाढलेल्या बटाट्यांनी गेले, असं म्हणायला काही म्हणजे काही आधार नाही."

"त्या मेल्याने निदान कारण तरी दिलं होतं," ती म्हणाली आणि हमसून हमसून रडली. भाऊजी गेले त्या दिवशीसुद्धा ती अशी रडली नव्हती.

ट्रॅक्टरवाल्याला तिने नको म्हणून कळवलं. रात्री तिने स्वतः बटाटे उकडले, सोलले, मीठ लावलं आणि नातीला मांडीवर घेतलं. पहिल्या घासातला तुकडा तिने आधी स्वतः खाल्ला, मग उरलेला पोरीला भरवला. घास गिळून होईपर्यंत ती पोरीच्या गळ्याकडे बघत राहिली. तिच्या हातातली ती भीती बाबांनी एका मिनिटात घातली होती. ती निघायला किती काळ लागेल, कोण जाणे.

म्हणून हात जोडून सांगते. तुमच्या दुःखाचं कारण कुणी चुटकीसरशी सांगू लागला, की त्याला विचारा, "कशावरून?" तोच प्रयोग दुसऱ्या भाजीवर करायला लावा, दुसऱ्याच्या हातून करायला लावा. आणि डॉक्टर 'माहीत नाही' म्हणाले, तर त्यांच्यावर रागावू नका. ते दोन शब्द ऐकवत नाहीत, मान्य आहे. पण त्या शब्दांनी कुठल्या बाईला स्वतःच्या हाताची भीती वाटत नाही.