दर्यावाली

मैनाबाईला दर्यावाली हे नाव कुणी कौतुकानं ठेवलं नव्हतं, हे आधीच सांगून टाकतो. ती चेष्टा होती, आणि वापरून वापरून गुळगुळीत झालेली जुनी चेष्टा होती.

मैना लहान होती तेव्हाची गोष्ट. माहेर पूर्णेकाठचं, खारपाणपट्ट्यातलं. शाळेत गुरुजींनी एक दिवस सांगितलं, दर्या म्हणजे समुद्र. झालं! पोरीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. म्हणजे दर्यापूरला समुद्र आहे, आणि दर्यापूर तर एसटीनं इथून हाकेवर. मोठी माणसं दर आठवड्याला तिथं जातात, कापूस विकतात, कपडे आणतात, आणि घरी येऊन समुद्राबद्दल अवाक्षर काढत नाहीत, याचा तिला भयंकर राग आला. दुसऱ्या दिवशी दप्तर गोठ्यात लपवून ती एसटीत चढली. कंडक्टरनं विचारलं, "कुठी चालली वो माय?" मैना म्हणाली, "दर्यापूरले." अशा तोऱ्यात म्हणाली, की त्याला वाटलं, हिचा बाप मागच्या बाकावर बसला असेल.

दर्यापुरात उतरून तिनं स्टँडसमोरच्या चहावाल्याला विचारलं, दर्या कोण्या बाजूनं हाय. तो इतका हसला, की त्याचं दूध उतू गेलं. मग बाप सायकल हाणत आला, त्यानं आधी दोन ठेवून दिल्या आणि नंतर केळी घेऊन दिली. पण गोष्ट त्यांच्या आधी गावात पोचली होती. त्या दिवसापासून ती दर्यावाली. लग्न होऊन पातूरकडं, गोड्या पाण्याच्या, भाजीपाला आणि फुलं पिकवणाऱ्या गावात आली, तेव्हा आंदणाच्या भांड्यांबरोबर हे नावही सासरी आलं.

नाव चेष्टेचं असलं तरी पाण्याची ओढ खरी होती. माहेरची विहीर खारट. ते पाणी पिता येत नव्हतं, वावराला देता येत नव्हतं, म्हणून मोठ्यांनी ती विहीर पोरांना सोडून दिली होती. मैना दिवसभर त्यात पडलेली असायची. अंगावर पांढरं मीठ वाळायचं आणि माय ओरडायची, की हिला चाटायला गाई येतील.

सासरी आल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात तिला राहवलं नाही. दुपारी घरामागच्या विहिरीत तिनं सूर मारला. आता बघा, नवी सून विहिरीत उडी घेते म्हटल्यावर आपल्याकडं एकच अर्थ निघतो. कुणीतरी बोंब ठोकली. गाव दोर घेऊन धावलं, सासू ऊर बडवत आली. आणि खाली बघतात तर सूनबाई पाठीवर पडून निवांत तरंगतायत. सासूला लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. नवरा मवाळ माणूस, पण तोही म्हणाला, "मैना, आपल्यात हे चालत नाई." सासूनं देवासमोर हात धरून शपथ घातली. मैनाबाईनं ती पाळली. सासू गेली, पुढं नवराही गेला, मुलगा नितेश मोठा झाला, रूपाली सून म्हणून आली, तरी मैनाबाई गुडघ्याच्या वर पाण्यात गेली नाही.

मग परवाच्या श्रावणात तो पूर आला. रपट्यावरून, नदीवरच्या त्या बुटक्या पुलावरून, पाणी धो धो चाललेलं. गावचे मोठे बागायतदार केशवराव अलीकडे मोटारसायकल घेऊन उभे. दहा जण सांगत होते, जाऊ नका. पण केशवरावांनी कुणाचं ऐकलं तर ते केशवराव कसले. गाडी घातली आणि गाडीसकट गेले. काठावर जमलेल्या बाप्यांनी काय केलं? मोबाईल काढले. मैनाबाई झेंडूची टोपली घेऊन अकोल्याच्या गाडीसाठी निघाली होती. तिनं टोपली ठेवलीसुद्धा नाही, फेकली. कासोटा कधी मारला, उडी कधी घेतली, हे तिला पुढंही कधी सांगता आलं नाही. विचार करणारी मैनाबाई काठावरच राहिली, आणि पाण्यात पडली ती खारट विहिरीतली पोर. केशवरावांना टक्कल, नाहीतर केसांनाच धरलं असतं. कॉलर धरून तिनं त्यांना खालच्या बाभळीपर्यंत ओढत आणलं आणि तोंडात बोटं घालून गाळ काढला.

शपथ मोडली याचं तिला काडीचंही वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं ते पाण्याबाहेर यावं लागल्याचं. त्या दिवसापासून तिचं कशात लक्ष लागेना. भाजी निवडताना हात थांबायचा. रूपाली हुशार पोर, तिनं ओळखलं. एकदा तिनं मोबाईल पुढं धरला. "आत्याबाई, हे पाहा. कोकणात शर्यत असते, समुद्रात पोहाची. पन्नाशीच्या वरच्या बायाइचीबी असते." मैनाबाईनं तो व्हिडिओ इतक्यांदा बघितला, की बॅटरी संपली.

इकडं गावानं सत्कार ठरवला. मांडव, शाल, श्रीफळ, सगळं यथासांग. केशवरावांनी माईक हातात घेतला. "मैनाबाई आपल्या गावची वाघीण हाय. वयनी, मांगा, काय मांगता ते मांगा. गावासमोर शब्द देतो."

मैनाबाई म्हणाली, "तुमच्या वावरातल्या मोठ्या विहिरीत मले रोज सकाळी पोहू द्या. समुद्रात उतराचं हाय, कोकणातल्या शर्यतीत. सवय मोडली हाय, ते परत करा लागन."

तोच मागून कुणीतरी ओरडलं, "शर्यत दर्यापूरले हाय का वो?" आणि हसण्याचा जो गलका उठला! केशवरावही हसले, माईकमध्येच हसले. मैनाबाईनं त्या हसणाऱ्या तोंडाकडं पाहिलं. महिन्याभरापूर्वी त्याच तोंडातून तिनं गाळ काढला होता. तिला असा राग आला, की शाल तिथंच टाकून जावं. पण ती हलली नाही. "शब्द देल्ला हाय तुमी," एवढंच म्हणाली. माईक चालू होता, केशवरावांना हो म्हणणं भाग पडलं.

तो हो जेमतेम आठवडाभर टिकला. एके सकाळी जाते तर विहिरीच्या पायऱ्यांवर बाभळीचे काटे रचलेले. ती तडक केशवरावांच्या ओसरीवर गेली.

"समजून घ्या वयनी," केशवराव म्हणाले. "बाईमाणूस वल्ल्या कपड्यानं विहिरीतून निंगते, गडी मानसं पाह्यतात. बरं दिसत नाई."

"तुमाले काढलं तवाबी माहे कपडे वल्लेच होते. तवा नाई दिसले?"

"ते येगळं. ते शौर्य हाय."

"माह्यासाठी पोहलं तं ते काहून नाई?"

केशवरावांनी चहा मागवला. मैनाबाई चहाला थांबली नाही. दुसऱ्या दिवशी ती विळा आणि दोर घेऊन गेली, काटे मोळी बांधून बाजूला केले आणि पाण्यात उतरली. केशवरावांच्या गड्यानं पुन्हा काटे टाकले. तिनं पुन्हा उचलले. वाकड्यात शिरायची गावाला हौस असेल तर मैनाबाईलाही कमी नव्हती. थंडी पडेपर्यंत तिच्या वांग्याच्या वाफ्यांना केशवरावांच्या काट्यांचं चांगलं दणकट कुंपण झालं, तेही फुकटात. शेवटी गडीच कंटाळला.

नितेश मात्र घुश्शात. लहानपणी शाळेत त्याला 'दर्यावालीचा' म्हणून चिडवत, ते तो विसरला नव्हता. "माय, गाव हासून राह्यलं," तो म्हणाला. "उद्या तिकडं काही झालं तं मी काय तोंड दाखवू?"

"हासू दे त्याइले. आतापरेंत हासलेच ना? मेली का मी?"

"पण काहून पाह्यजे तुले हे?"

भूक काहून लागते, हे कुणी सांगतं का? "नाई गेली तं मी अशीच मरीन," ती म्हणाली, आणि नितेशनं तोंड फिरवलं. अकोल्याच्या स्टेशनवर तो फक्त मायच्या आणि रूपालीच्या पिशव्या चढवून द्यायला आला होता. गाडी हलली तेव्हा तोही चढला आणि खिडकीबाहेर बघत बसला. "पोचवून येतो," म्हणाला. पण मालवण आलं तरी तो परत फिरला नाही.

समुद्र दिसला तशी मैनाबाई थेट त्याच्याकडं चालत गेली. चपला काढून पाण्याशी उकिडवी बसली. ओंजळ भरली आणि तोंडाला लावली. मग रूपालीकडं वळून म्हणाली, "हे तं माह्या माहेरचं पाणी हाय वो." आणि सगळ्या किनाऱ्यासमोर ढसाढसा रडली.

शर्यतीच्या सकाळी बाकीच्या बाया टोप्या, चष्मे घालून तयार होत्या. मैनाबाईच्या अंगात रूपालीनं आणलेला अंगभर काळा पोशाख, आणि कपाळावर ठसठशीत कुंकू. नवरा गेल्यावर गावानं पुसलेलं कुंकू तिनं त्या दिवशी स्वतःच्या हातानं लावलं होतं. समुद्राकडं जायचं तर मोकळ्या कपाळानं काहून जाऊ, म्हणाली. लांब पाण्यात एक मोठा लाल फुगा बांधला होता. त्याला वळसा घालून परत यायचं, एवढीच शर्यत.

शिटी वाजली. पहिल्या लाटेनं थोबाडीत मारली, नाकातोंडात पाणी गेलं. बाकीच्यांना ठसका लागला. हिला ते खारट पाणी गोडच लागलं. भीती वेगळ्याच गोष्टीची वाटली. विहिरीत चार हात मारले की भिंत येते, मग वळायचं. इथं भिंतच येईना. हात मारावा तेवढं पुढं पाणीच. पण मग हळूहळू तिला असा काही आनंद व्हायला लागला, की तिला हसूच आवरेना.

लाल फुगा आला. पुढच्या बाया वळल्या. मैनाबाईनं मान वर करून पलीकडं पाहिलं. तिथं कुंपण नव्हतं, काटे नव्हते, ओसरीवर बसलेलं कुणी नव्हतं. हातांना वळायचं सांगितलं असतं तर ते वळलेही असते. तिनं सांगितलंच नाही. ती फुग्याला बगल देऊन सरळ गेली.

मागं शिट्ट्यांवर शिट्ट्या. किनाऱ्यावर कर्णा ओरडायला लागला, की कुणीतरी बाई शर्यतीतून बाद. थोड्या वेळानं बचावाची होडी तिच्या बाजूला आली. होडीत कोकणी नावाडी, आणि त्याच्या शेजारी दोन्ही हातांनी काठ गच्च धरून बसलेला नितेश. त्याला पोहता येत नव्हतं, पाण्याची तर लहानपणापासून धास्ती. तोंड पांढरंफटक पडलेलं. तरी तो होडीत चढला होता.

"बाद झाली तू," त्यानं ओरडून सांगितलं.

"झाली तं झाली."

"अवं पण," त्याचा आवाज रडवेला झाला होता, "कुठी चालली वो माय?"

मैनाबाई पाठीवर झाली. तोंडातलं खारट पाणी तिनं पिचकारी मारून उडवलं आणि मुलाकडं बघत, एसटीतल्या त्या पोरीच्या तोऱ्यात म्हणाली, "दर्यापूरले."

नितेश शर्टाच्या बाहीनं डोळे पुसून नावाड्याला म्हणाला, "दादा, होडी जरा मांगूनच राहू द्या. तिले जाऊ द्या समोर."