घटपर्णीचं पाणी

सुगीनंतरच्या गवाईच्या सणाला घटपर्णीतला भात नसेल तर तो कसला सण? आमच्या गावात तो भात तीस वर्षं मीच करते, आणि माझ्यासारखा कुणाला जमत नाही. डोंगरामागच्या ओलसर उतारावर घटपर्णीचे हे बुटके घडे झुबक्यांनी उगवतात. मुंग्या आत घसरतात आणि तिथल्या पाण्यात विरघळून जातात. आम्ही घडे धुऊन त्यांत चिकट तांदूळ आणि नारळाचं दूध भरतो. फक्त खुडताना पाणी शेजारच्या घड्यात ओतायचं. जमिनीवर सांडलं तर पाऊस कोसळतो, हे शेंबडं पोरही जाणतं.

यंदा माझ्या दिराला, जिरिनला, नेमका तोच उतार जाळून मिरीचा मळा करायची दुर्बुद्धी सुचली. सकाळपासून त्याची माणसं कडेचं रान तोडत होती. मी जाऊन घड्यांच्या मधोमध बसले.

"वहिनी, उठा. उद्या जाळायचंय सगळं."

"जाळ की. त्याआधी मी हे एकेक रिकामे करते." मी एक घडा वाकवला.

"अहो, अहो! अंगणात माझी मिरी वाळत घातलीय!"

"तू तर शिकलेला. तुझा कुठे विश्वास आहे यावर?"

"विश्वास नाही, पण मिरी आहे ना!"

त्याची माणसं फिदीफिदी हसली. मी घडा आणखी कलता केला.

"उतार सोडला म्हण."

"सोडला, बाई, सोडला! आधी तो सरळ करा."

मी घडा सरळ केला. एक थेंबही सांडला नव्हता.

आणि दुपारी पाऊस कोसळला. मिरीच्या चटया उचलायला मीही धावले, तरी निम्मी मिरी भिजली. मला खरंच वाईट वाटलं, आणि भीतीही. आता हा शब्द फिरवणार.

जिरिन निथळत माझ्यासमोर उभा राहिला. "वहिनी, खरं सांगा. सांडलंत?"

"तुझ्या भावाची शपथ, नाही."

त्यानं उताराकडे पाहिलं. मग कपाळावर हात मारून म्हणाला, "सकाळी माझ्याच गड्यांनी कडेचे घडे तुडवले. चाळीस तरी असतील."

दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतः बांबू तोडून त्या उताराला कुंपण घातलं. आता आत जायचं तर मलासुद्धा त्याला विचारावं लागतं.