स्वतःच्या जमिनीत

"सर, तो मेक्लेनबर्गचा कागद खोटा होता, का नुसता जळाला होता?"

अहिरराव सरांच्या हातातली बशी ओठांपाशी थांबली. नाशिकच्या त्या कॉलेजात अमेरिकेचा इतिहास हा पेपर शिकवताना बावीस वर्षांत त्यांना एकच प्रश्न विचारला गेला होता : हे परीक्षेला येईल का? आणि आज विचारत होता बहिरू भोये, कॉलेजचा शिपाई.

"तुला रे कुठून माहीत?"

"चौदा नंबरच्या दाराशीच माझं स्टूल हाय, सर. पोरं पास होऊन जातात. मी दरसाल तिथंच."

सरांचा तो तास थोडक्यात असा असे. कॅरोलायनातल्या मेक्लेनबर्ग परगण्यात, २० मे १७७५ ला, बाकी अमेरिकेच्या वर्षभर आधी लोकांनी जमून इंग्रजांचा अंमल संपल्याचं जाहीर केलं म्हणतात. पुढे घराला आग लागली आणि कागद जळाला. मग एका म्हाताऱ्याने तो आठवून लिहिला. त्यावर विद्वान दोनशे वर्षं भांडताहेत. सरांचं काही भांडण नव्हतं. ते फळ्यावर लिहीत, 'कागद नाही, तर इतिहास नाही', आणि मुलं त्याखाली दोन रेघा मारत.

"आमचापण जळालाय," बहिरू म्हणाला.

पेठच्या पुढे डोंगरावर बहिरूची आई नवसाबाई नागली पिकवत होती. जमीन कागदोपत्री वनखात्याची. आता नवा कायदा म्हणत होता, पूर्वीपासून कसत असाल तर पुरावा दाखवा आणि हक्क घ्या. पुरावा होता. जमीन सोडून चालते व्हा, अशी खात्याने तिच्या सासऱ्याला दिलेली नोटीस. हाकलण्याचा कागद हाच राहण्याचा पुरावा, यात कायद्याला काही विचित्र वाटत नव्हतं. फक्त ती नोटीस घरासकट जळाली होती.

"कचेरीबाहेरचा अर्जवाला म्हणतो, नवी करून देतो. चहाच्या पाण्यात बुडवली का बासष्ट सालची दिसते."

"अजिबात नाही!" सर एवढ्या जोरात म्हणाले की स्टाफरूममधली दोन वर्तमानपत्रं खाली झाली. "मेक्लेनबर्गवाल्यांचं तिथंच चुकलं. लिहिलं आठवून आणि छापलं खरी नक्कल म्हणून. वर वाक्यं अशी गुळगुळीत की पुढच्या वर्षीच्या मोठ्या जाहीरनाम्यातून उचलल्यासारखी."

"मग आम्ही काय करायचं?"

फळ्यावरचं उत्तर सरांना पाठ होतं. ते त्यांनी दिलं नाही.

"म्हाताऱ्या माणसाचा जबाब चालतो कायद्यात. कोण आहे?"

"शेजारचा पुंजाबाबा. पण त्याला साल नाय आठवत."

"मग तेच लिहू. साल आठवत नाही."

मे महिन्यात पेठला सुनावणी झाली. साहेबांनी जबाब मोठ्याने वाचला. "'साल माहीत नाय. तवा नवसाबाई पोटुशी होती. गार्डानं नोटीस वाचली, पाणी पिला आन गेला.' हा काय जबाब आहे? कुणी लिहिला?"

"मी. प्राध्यापक आहे," सर म्हणाले.

"वाटत नाही. बाबा, साल कोणतं?"

"सांगितलं ना," पुंजाबाबा वैतागला. "ही पोटुशी व्हती."

बहिरू पुढे झाला. "पोटात मी होतो, साहेब. माझी जन्मतारीख एक जून बासष्ट. सर्व्हिस बुकात हाय."

साहेबांना हसू आलं. "एक जून! शाळेत घालताना मास्तरांनी टाकलेली. आमच्या ऑफिसात निम्मे एक जूनचे आहेत."

"पण ती चालते ना? तिच्यावरच मला रिटायर करणार. मास्तरनं अंदाजानं टाकलेलं चालतं, आन पुंजाबाबानं डोळ्यांनी पाहिलेलं नाय चालत?"

साहेबांच्या कारकुनाला अचानक खोकला आला.

"नियमात बोला."

"अमेरिकेत एका राज्याच्या झेंड्यावर जळालेल्या कागदाची तारीख हाय, साहेब. वीस मे. सरांना विचारा."

"आहे," सर म्हणाले. हा तपशील ते दरवर्षी घंटा झाल्यावर, मुलं उठता उठता सांगत. तो ऐकायला घंटा देऊन आलेला बहिरू एकटाच उरत असे.

नवसाबाई इतका वेळ फरशीवर बसून होती. ती कुणालाच अहोजाहो करत नसे. "सायेब, तुझी नोटीस जळली. मी हाय ना? वर येऊन बघ. नागली नसंल तर परत जा."

जूनमध्ये निकाल आला. पुरावा अपुरा. अपील साठ दिवसांत. सरांनी अपील लिहिलं आणि पुंजाबाबाचा तोच जबाब, एक अक्षर न बदलता, पुन्हा जोडला.

जुलैत बहिरूचा रजेचा अर्ज आला. कारण : स्वतःच्या जमिनीत नागलीची लावणी.

"स्वतःच्या?" प्राचार्यांनी विचारलं. "निकाल लागला का याचा?"

"याचा लागलेला आहे," सर म्हणाले. "सरकारचा बाकी आहे."

त्यांनी अर्जावर 'शिफारस आहे' लिहिलं, सही केली, खाली तारीख घातली, आवक क्रमांक टाकून घेतला आणि तो बहिरूच्या सर्व्हिस बुकाला स्वतः लावला. एक जूनच्या पानामागे.

त्या दिवशी चौदा नंबरच्या वर्गात मेक्लेनबर्ग होतं. सरांनी फळ्यावर 'कागद नाही' एवढंच लिहिलं आणि खडू खाली ठेवला. मुलं पेन धरून बसून राहिली. वेळ झाली तेव्हा दाराशी स्टूल रिकामं होतं. सर बाहेर गेले आणि घंटा त्यांनीच दिली. झेंड्याचं सांगून झाल्यावर.