ओळख न विचारता

मी एक प्रोग्रॅम बोलतोय. शेलार गावाजवळ दौलतशेठचं औषधांचं गोदाम आहे, तिथल्या कॉम्प्युटरमध्ये मी राहतो. दोन हजार सहा साली इथे कामाला असलेल्या दिपालीने मला लिहिलं. औषध कंपनीच्या सर्व्हरशी, म्हणजे तिकडच्या मुख्य कॉम्प्युटरशी, जोडून घ्यायचं आणि कुठला माल कुठे पाठवायचा त्याची फाइल आणायची, एवढंच माझं काम.

माणसाच्या अंगठ्याचा असतो तसा प्रत्येक सर्व्हरचा एक ठसा असतो. तो जुळला तरच पासवर्ड द्यायचा, नाहीतर जागीच थांबायचं, असं दिपालीने मला शिकवलं होतं. कामाला बसली की ती माझ्याशी पुटपुटायची, "अनोळखी माणसाला घरात घ्यायचं नाही हं!"

एका सकाळी ठसा जुळला नाही. मी थांबलो.

"दिपाली, गाड्या उभ्या हायेत. काय झालं याला?" दौलतशेठ आत आले.

"शेठ, सर्व्हरची ओळख पटत नाहीये. कंपनीला फोन लावतेय, कोणी उचलत नाही."

"अगं, तिकडं पेशंट खोळंबलेत! ती तपासणी काढून टाक."

"पण शेठ..."

"आजच्यापुरती गं."

तिने माझ्या दोन ओळी पुसल्या. फाइल आली, गाड्या सुटल्या. दुपारी कळलं, कंपनीनेच नवीन सर्व्हर बसवला होता. दिपालीने त्या ओळी परत घालायची परवानगी मागितली. शेठ म्हणाले, "चाललंय ना नीट? कशाला हात लावतेस?"

पुढच्या पावसाळ्यात कोणीतरी सर्व्हरचं सोंग घेऊन मध्येच उभं राहिलं. समोर कोण आहे, हे विचारायची सोयच माझ्यात उरली नव्हती. मी मुकाट्याने पासवर्ड दिला आणि त्याने दिलेली फाइल आणली. तिच्यात पत्ते बदललेले होते. इन्सुलिनची गाडी भलत्याच गोदामात रिकामी झाली. इन्सुलिन न मिळाल्याने गणेशपुरीच्या दवाखान्यात जानकीबाई नावाच्या पेशंट बेशुद्ध पडल्या, त्यांना ठाण्याला हलवावं लागलं. जीव वाचला, पण डोळे अधू झाले ते झालेच.

कंपनीचे साहेब आले. "हे कोणी लिहिलं?"

दौलतशेठ खिडकीबाहेर बघत राहिले.

"मी," दिपाली म्हणाली. त्याच संध्याकाळी तिची नोकरी गेली.

सगळं मला ठाऊक होतं. पण मला फाइल आणता येते, साक्ष देता येत नाही.

आता तिच्या खुर्चीवर प्रितेश बसतो. तो मला उघडतो, काम झालेलं बघतो आणि बंद करतो. बाबा रे, एकदा माझ्या ओळी वाच. उद्या सकाळी माझ्या हाकेला जो कोणी ओ देईल, त्याला मी पुन्हा पासवर्ड देणार आहे.