पाहुण्यानं विचारायचं नसतं

"पुढच्या रविवारी तुमच्याशी एक बोलायचंय," काचवाल्या बाई जाता जाता म्हणाल्या, आणि माझा आठवडा त्यातच गेला.

काचवाल्या बाई हे नाव माझ्या लेकीनं ठेवलेलं. बाईंचं चष्म्याचं दुकान आहे. काचा त्या स्वतः घासतात आणि फ्रेममध्ये स्वतःच बसवतात. मी डोळे तपासायला गेलो होतो. नंबर बदललेला नव्हता, तरी आठ दिवसांनी पुन्हा गेलो. निवृत्त ग्रंथपालाला याहून मोठं धाडस जमत नाही. पुढे दर रविवारी, त्यांचं दुकान बंद असतं म्हणून, तळ्याकाठच्या कँटीनमध्ये आम्ही चहाला भेटू लागलो. असे अकरा रविवार झाले. त्या फार दूरच्या मुलखातल्या, नवरा हयात नाही, एवढंच मला ठाऊक. आपली भाषा इथे येऊन शिकल्या, आणि माझ्यापेक्षा मोकळी बोलतात.

बुधवारी लेकीला फोन केला. तिनं विचारलं, त्यांना मूलबाळ आहे का? माहीत नाही, म्हटलं. नवरा कधी गेला? माहीत नाही. इथे कशा आल्या? तेही माहीत नव्हतं.

"बाबा, मग अकरा रविवार तुम्ही बोलता तरी काय?"

"काचांबद्दल, पुस्तकांबद्दल. तळ्यात बदकं आहेत, त्यांच्याबद्दल."

"म्हणजे बदकांची वंशावळ पाठ झाली असेल," ती म्हणाली. "ताकाला जाऊन भांडं लपवायची तुमची सवय काही जायची नाही."

तिला खरं कारण सांगायची लाज वाटली. पहिल्या भेटीनंतर मी ग्रंथालयातून बाईंच्या लोकांवरचं एक जाडजूड पुस्तक आणलं होतं. माणसाशी बोलण्याआधी त्याच्याविषयी वाचून घ्यावं, ही माझी जन्माची खोड. त्यात लिहिलं होतं की या लोकांत पाहुण्यानं घरच्या माणसांची, त्यातून गेलेल्यांची, चौकशी करणं उद्धटपणाचं समजतात. मी ती ओळ वहीत उतरवून घेतली आणि तेव्हापासून तोंडात गुळणी धरून बसलो. एकदा बाई आपणहून म्हणाल्या, "यांना असाच कडक चहा लागायचा," आणि थांबल्या. मी घाईघाईनं पाण्याकडे बोट दाखवलं आणि बदकाला पिल्लं झाल्याचं सांगितलं. तेव्हा मला स्वतःच्या सभ्यतेचं कौतुक वाटलं होतं. आता ते आठवलं की कान गरम होतात.

गुरुवारी वाटलं, त्या गावी परत जाणार असतील. शुक्रवारी वाटलं, त्यांना कुणी बरा माणूस भेटला असेल. शनिवारी वाटलं, बरा माणूस कशाला भेटायला हवा, माझा कंटाळा आला एवढं कारण पुरेसं आहे. मी शर्टाला दोनदा इस्त्री केली आणि दुसऱ्या वेळी कॉलर पिवळी करून ठेवली.

रविवारी मी पोहोचलो तेव्हा त्या आधीच येऊन बसल्या होत्या. पर्स एरवी टेबलावर असायची, ती आज मांडीवर होती. चहा नको म्हणाल्या.

"मी आजच्यानंतर येणार नाही," त्या म्हणाल्या. "न सांगता बंद करणं बरं दिसलं नसतं, म्हणून आले."

माझ्या तोंडून नुसतं "बरं" निघालं. आयुष्यात इतका मूर्ख शब्द मी दुसरा उच्चारला नसेल. त्या उठायला लागल्या, तेव्हा कुठे मी म्हणालो, "का, ते विचारलं तर चालेल?"

त्या पुन्हा बसल्या. "आज विचारावंसं वाटलं? इतके दिवस माझा नवरा कसा होता, मला कोण आहे, कोण नाही, काही म्हणजे काही विचारलं नाहीत. मी होऊन बोलायला गेले तर तुम्ही बदकं दाखवलीत. मला कळलं ते. तुम्हाला चहाला सोबत हवी आहे, माझी माणसं नकोत."

मग मी सगळं सांगून टाकलं. पुस्तक, त्यातली ओळ, माझी वही. त्या हसतील असं वाटलं होतं, पण हसल्या नाहीत. त्यांनी ती ओळ मला पुन्हा म्हणून दाखवायला लावली.

"खोटं नाही लिहिलेलं," त्या म्हणाल्या. "पाहुण्यानं विचारायचं नसतं. पण आमच्याकडे तीनदा येऊन गेलेला माणूस पाहुणा राहत नाही. त्यानंतरही जो विचारत नाही, त्याला घरात यायचं नाही असं समजतात. हे नव्हतं का तुमच्या पुस्तकात?"

नव्हतं. किंवा पुढच्या पानावर असेल आणि मीच वाचलं नसेल. मला हवी तेवढीच ओळ घेऊन मी थांबलो असेन. मी त्यांना तसंच सांगितलं.

"मग आता?" त्यांनी विचारलं. पर्स अजून मांडीवरच होती.

"आता विचारतो. पण मला नीट विचारता येत नाही. एखादा प्रश्न आवडला नाही तर..."

"तर तसं सांगेन. मला तोंड आहे."

मी म्हणालो, "तुमचे यजमान गेले कसे, ते नाही विचारत. ते होते कसे, ते सांगाल?"

विचारलं आणि लगेच मी मनातल्या मनात माफीची जुळवाजुळव सुरू केली.

"भांडकुदळ," त्या म्हणाल्या. "गिऱ्हाइकांशी भांडायचे. चेहऱ्याला न शोभणारी फ्रेम मागितली तर विकायचेच नाहीत."

मग बराच वेळ त्या बोलत होत्या. दोन ठिकाणी मला कळलं नाही, तेव्हा कळल्यासारखी मान न हलवता मी परत सांगायला सांगितलं. एका प्रश्नाला त्या म्हणाल्या, "हे आज नको," आणि मी खरोखरच गप्प बसलो. मुलगी आहे, दोन वर्षं बोलत नाही, एवढंच कळलं. पुढच्या रविवारचं काही त्या बोलल्या नाहीत, आणि तो एक प्रश्न विचारायचा मला धीर होत नव्हता.

ऊन टेबलावर आलं तेव्हा त्या उठल्या. "त्यांचा फोटो दुकानाच्या वर, घरी आहे. बघायचा असेल तर चला."

दुकानाशेजारचा जिना आम्ही चढलो. त्यांनी कुलूप काढलं, दार ढकललं आणि त्या आत गेल्या. मी उंबऱ्याशीच उभा राहिलो. त्यांच्या लोकांच्या पादत्राणांवर त्या पुस्तकात एक अख्खं प्रकरण होतं.

"चपला बाहेर काढू की आत?" मी विचारलं.