येऊ दे, राहू दे

मित्रांनो, नडगी आपटली म्हणून मला शिव्या घालण्याआधी जरा माझंही ऐकून घ्या. मी एक जुना हुक आहे. मोटरहोम म्हणून जी मोठी गाडी असते, आत झोपायला पलंग, चहा करायला ओटा आणि हात धुवायला चिमुकलं बेसिन, तिच्या अगदी पाठीमागे, खालच्या अंगाला मी असतो. माझं डोकं म्हणजे लोखंडी गोळा. त्यावर ट्रेलरची वाटी बसते, आणि मग गाडी जाईल तिकडे ट्रेलर निमूटपणे येतो. मला पुढचं काही दिसत नाही. मागे पडत जाणारा रस्ता तेवढा दिसतो. पण ऐकू मात्र सगळं येतं.

माझा जन्म भट्टीतला. लालबुंद होईपर्यंत तापवलं, घणाखाली धोपटलं, आणि शेवटी मी किती ओझं ओढू शकतो तो आकडा माझ्या अंगावर ठोकला. माणसं आपली ताकद फुगवून सांगू शकतात. आम्हाला ती सोय नाही.

गॅरेजवाल्याने बोल्ट करकचून आवळले आणि मी मास्तरांच्या घरचा झालो. मास्तर शाळेत सुतारकाम शिकवायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी घरामागच्या शेडमध्ये स्वतःच्या हातांनी एक नाव बांधली, वल्ह्यांनी चालवायची. त्यांच्या बायकोला सगळे काकू म्हणत. काकू कपडे शिवायच्या. मास्तरांनी आपल्या नावेला कधी नाव दिलं नाही. काकू मात्र तिला रोज नावं ठेवायच्या. "किती जड केलीत हो! ही तरंगायला बांधलीय की बुडायला?" असं म्हणत म्हणतच त्यांनी नावेतल्या बाकांसाठी मऊ गाद्या शिवल्या. उरलेल्या जाड कापडाची माझ्यासाठी टोपी शिवली, नाडीसकट! इतर हुकांचं डोकं झाकायला फाटका चेंडू असतो, मित्रांनो. मला टोपी होती. थोडा माज केला तर माफ करा.

दर उन्हाळ्यात नाव ट्रेलरवर चढायची आणि आम्ही मोठ्या तळ्यावर जायचो. मास्तर माझ्या डोक्याला ग्रीस लावायचे, वाटी बसवायचे, खिट्टी लावायचे. मग ट्रेलरचा दांडा वर ओढून बघायचे, बसलाय की नुसता बसल्याचं सोंग करतोय. खालून साखळ्या एकमेकींवरून तिरक्या घालायचे, म्हणजे उद्या मी दगा दिलाच तरी दांडा रस्त्यावर पडू नये. माझ्यावर हा अविश्वास कशाला, असं आधी वाटायचं. नंतर कळलं, घरातल्या माणसाचीसुद्धा काळजी अशीच घेतात. शेवटी काकू मागे उभ्या राहून दिवे बघायच्या. "डावा लागला. उजवा लागला. ब्रेक... अहो, दाबलात का? हं, लागला."

गाडी मागे घेताना या घराची एक खास बोली होती. मागे येत राहायचं असेल तर "येऊ द्या", आणि थांबायचं असेल तर "राहू द्या". साधं सरळ "थांबा" कोणी म्हणतच नसे. ही पद्धत कुठून आली देव जाणे. पण काकूंचा आवाज असा खणखणीत, की त्यांनी "राहू द्या!" म्हटलं की शेजारच्यांचीसुद्धा गाडी थांबायची. त्यामुळे कधी काही बिघडलं नाही.

मग मास्तरांची नजर गेली. एकदम नाही, हळूहळू. आधी दूरच्या पाट्या पुसट झाल्या, मग जवळच्या. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, आता गाडी चालवायची नाही. मास्तरांनी परवाना मुकाट्याने परत केला. घरी येऊन ते माझ्यापाशी आले, माझ्या टोपीची नाडी सोडली आणि पुन्हा बांधली. दुसरं काहीच केलं नाही.

त्याच आठवड्यात नाव शेडमध्ये ठेवायची होती. मास्तर म्हणाले, "अगं, आपल्याच अंगणात तर आहे. तू बस स्टिअरिंगवर, मी मागे उभा राहतो." काकूंनी उभ्या आयुष्यात छोट्या मोटारीपलीकडे काही चालवलं नव्हतं. तरी बसल्या. मास्तरांचा आवाज मुळातच मऊ. त्यात त्या दिवशी वारा सुटलेला. "येऊ दे... येऊ दे..." असं चाललं होतं. शेडचा खांब त्यांना उशिरा दिसला. ते ओरडले, "राहू दे! राहू दे!"

आता तुम्हीच म्हणून बघा. वाऱ्यात "येऊ दे" आणि "राहू दे" यातलं ऐकू काय येतं? नुसतं "ऊ दे, ऊ दे". काकू आल्या की मागे, मोठ्या विश्वासाने!

नावेची फळी कडकन मोडली. काकू धावत उतरल्या. मास्तर मोडक्या फळीवर हात फिरवत होते. रागावले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "राहू दे आता. विकून टाकू सगळं."

त्यानंतर मला कोणी विचारलं नाही. ग्रीस वाळलं, टोपीवर धूळ बसली, टोपीखाली गंज चोरपावलांनी शिरला. मास्तरांनी फळी बदलून नाव नीट केली, पण ती केवळ सवयीने. तळ्याचं नाव घरात कोणी काढत नव्हतं. मला वाटायचं, भंगारात गेलो तरी चालेल, पण ही शांतता नको.

एक दिवस त्यांची लेक आली. गाडीला आणि नावेला गिऱ्हाईक मिळालं होतं. काकू म्हणाल्या, "कशाला विकायची? माझा परवाना आहे की!"

"आई, तो छोट्या गाडीचा गं," लेक म्हणाली. "हे एवढं गाडीचं धूड, त्यात मागे जड ट्रेलर. दोघांचं वजन मिळून हद्दीपलीकडे जातं. त्याला वेगळा परवाना लागतो. वेगळी परीक्षा द्यावी लागते."

"मग देते परीक्षा. त्यात काय?"

"अगं, या वयात?" आतून मास्तर म्हणाले.

"तुमच्या वयात नाही, माझ्या वयात," काकू म्हणाल्या आणि विषय संपला. लेकीने गिऱ्हाइकाला उन्हाळ्यापर्यंत थांबायला सांगितलं. आता सगळं त्या परीक्षेवर येऊन ठेपलं.

ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या बाई आमच्याच गाडीवर शिकवायला येऊ लागल्या. माझ्या डोक्यावर शिकाऊची पाटी लागली, म्हणजे मीसुद्धा विद्यार्थी झालो. पुढे जाणं काकूंना लवकर जमलं. मागे येणं म्हणजे मात्र छळ. ट्रेलर उजवीकडे न्यायचा तर स्टिअरिंग आधी डावीकडे! काकूंचे हात ऐकेनात. आम्ही मैदानभर वेडेवाकडे फिरलो. बाई सारख्या सांगत, "मागून कोण काय म्हणतंय ते सोडा. शंका आली की थांबा. उतरा. स्वतः बघा. उतरायला नियमाची आडकाठी नाही, आडकाठी असते ती मानाची."

पहिल्या परीक्षेत काकू नापास झाल्या. का, ते सांगतो. हसू नका. मागे घेताना त्यांनी सवयीने खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि परीक्षकालाच विचारलं, "येऊ दे का हो?" परीक्षक बिचारा काय बोलणार! तो गप्प. काकूंना वाटलं, गप्प म्हणजे हो. ट्रेलरने मागचा खुणेचा खांब आडवा केला.

घरी येऊन त्या गाडीच्या मागच्या पायरीवर बसल्या आणि रडल्या. मास्तर चाचपडत आले आणि शेजारी बसले. "इतकं कशाला मनाला लावून घेतेस?" म्हणाले.

"तळ्याची हौस मला नाहीये हो," काकू म्हणाल्या. "मला तर पाण्याची भीतीच वाटते. पण नावेत बसल्यावर तुम्ही गाता. या वर्षात तुमचं एकही गाणं ऐकलं नाही मी."

दुसऱ्या दिवशी मास्तर ग्रीसचा डबा घेऊन आले आणि बोटांनी चाचपून त्यांनी माझा गंज घासून काढला. मित्रांनो, इतकं छान मला भट्टीतून निघाल्यावरही वाटलं नव्हतं.

दुसऱ्या परीक्षेत काकू अर्ध्यात थांबल्या. ब्रेक लावला, इंजिन बंद केलं, खाली उतरल्या आणि ट्रेलरला सावकाश वळसा घालून आल्या. जाता जाता माझी खिट्टी ओढून बघितली. मग चढल्या आणि कोणालाही काहीही न विचारता ट्रेलर खुणेच्या खांबांच्या आत आणून उभा केला. परीक्षक हसला, तेव्हाच मी ओळखलं.

त्या उन्हाळ्यात आम्ही तळ्यावर गेलो. उतारावर दुसरं कोणी नव्हतं. काकूंनी दोनदा उतरून बघितलं आणि नाव अलगद पाण्यात सोडली. चाकांना लाकडी ठोकळे लावले, नाव दोरीने ट्रेलरला बांधली आणि स्वतः नावेत जाऊन बसल्या. मास्तर माझ्यापाशी दांड्याला धरून उभे होते. पुढे नुसतं चमकणारं पाणी. नाव कुठे संपते आणि तळं कुठे सुरू होतं, ते त्यांना उमगेना.

"राहू दे गं," ते हळूच म्हणाले. "तू फिरून ये. मी इथंच बसतो."

"काय म्हणालात? येऊ दे?"

"राहू दे म्हणालो, राहू दे!"

"वारा किती आहे हो! मला येऊ देच ऐकू आलं."

आणि पाण्याला भिणाऱ्या काकू गुडघाभर पाण्यात उतरल्या. मास्तरांसमोर येऊन, उलट्या पावलांनी मागे सरकत बोलू लागल्या, "हं, डावा पाय. येऊ द्या... येऊ द्या... अजून येऊ द्या..." दांड्यावरचा भार हलका झाला, तेव्हा मला कळलं, मास्तरांनी हात सोडला. थोड्या वेळाने नाव डुचमळली.

"बसा आता," काकू म्हणाल्या. "राहू द्या" त्या म्हणाल्याच नाहीत.

तर मित्रांनो, माझं मागणं फार नाही. मागे काही जोडण्याआधी वजन बघा आणि आपला परवाना त्याला पुरतो का ते बघा. खिट्टी ओढून बघा, साखळ्या विसरू नका, आम्हा लोखंडाच्या माणसांना अधूनमधून ग्रीस लावा. आणि मागून आपल्या माणसाचा आवाज नीट ऐकू आला नाही, तर अंदाजाने पुढेमागे जाऊ नका. थांबा, उतरा, त्याच्यापर्यंत चालत जा.

बाकी मी मजेत आहे. तळ्यावरून गाणं ऐकू येतंय. सूर जरा चुकतोय, पण येऊ दे.